तीन म्हणजे चार

मोबाईल यापुढे स्वयंपाकघरात झोपेल, असं ठरलं
तेव्हा उशाशी काहीतरी हवं होतं.
जुन्या बाजारात, रविवारी, नळाच्या तोट्या
आणि जोड हरवलेल्या चपला यांच्या मधे
ते बसलं होतं. घड्याळ आणि रेडिओ एकाच अंगात,
पाट्या उलटून वेळ सांगणारं,
प्लॅस्टिक, पण लाकूड असल्याचा आव.
साडेतीनशे म्हणाला, दोनशेवर आला.
वर एक लोखंडी डबा दिला, विटेएवढा जड.
"हा मधे लावा ताई, नाहीतर धूर निघेल. अमेरिकन माल आहे."

उजवीकडे चाक. फक्त पुढेच फिरतं.
दहाची पाटी हातून निसटली
तर सगळी रात्र, सगळा दिवस फिरवून
पुन्हा दहावर यायचं.
वैभवी म्हणाली, स्टॉप चुकलेल्या माणसासारखं, आई.
डेपोपर्यंत जा आणि परत ये.

माझी पहिली फेरी पाच वीसची, स्वारगेटहून.
चारला उठले तर डबा होतो, केस विंचरून होतात.
गजराचं बारकं चाक कुणीतरी तीनवर ठेवलेलं.
मी ते चारवर आणलं, कळ लावली, निजले.

गजर झाला. पाट्यांवर चार.
आणि जिन्यात दुधाच्या पिशव्या आलेल्या,
समोरच्या इमारतीत कुकरची शिट्टी.
स्वयंपाकघरात मोबाईलवर पाच बारा.
शेडगे साहेबांनी खाडा मांडला
आणि माझ्या गाडीवर दुसरीला चढवलं.

संध्याकाळी मी घड्याळ उलटं केलं,
शिव्या तोंडावर द्याव्यात की पाठीवर, हे न ठरवता.
तळाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी,
तिच्यावर निळ्या शाईत, काना-मात्रा नीट देऊन:
दहाला जुळवणे. तीन म्हणजे चार.

वैभवीने दहावीचं पुस्तक काढलं,
मग पुस्तक मिटून बोटं मोजली.
तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते,
आपली पन्नास. हे हेलकावे मोजून चालतं.
तासाला दहा मिनिटं मागे.
दहा ते चार म्हणजे सहा तास.
साठ मिनिटं गेली, आई. तीन म्हणजे चार!

ज्या कुणी हे लिहिलं तिला
(मला ती बाईच वाटते, आणि रात्रपाळीची नर्स नाही,
रात्रपाळी असती तर दहाला घरी कशी?)
दुसरं घड्याळ घेता आलं असतं.
तिने हिशेब घेतला.

रेडिओचा काटाही मी हलवला नाही.
तो दोन केंद्रांच्या मधे, कुठेच नाही.
चारला तिथून खरखर येते,
सुपात तांदूळ पाखडल्यासारखी, हळू.
मी उठते. भिंतीपलीकडे सासूबाई उठत नाहीत.
हेही तिला ठाऊक असणार.

आता रोज रात्री दहाला
त्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात.
मी चाक फिरवते, चार तासांच्या पाट्या
फडफडत पडतात, पत्ते पिसल्यासारख्या.
गुरुवारी वीज जाते, तेव्हा अजून मागे असतं.
काही बिघडत नाही. दहाला सगळं माफ.

कधी मधेच जाग येते. घड्याळात एक वीस,
म्हणजे दोन. म्हणजे अजून दोन तास.
या गणितातच पुन्हा डोळा लागतो.

वैभवी म्हणते, टपकीर गल्लीत नवं मिळेल, सेलवरचं,
कधी मागे न पडणारं.
बघू, म्हणते मी.

काल कात्रजला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं,
किती वाजले हो?
मी तिकीट फाडता फाडता मनात आधी एक तास मिळवला,
मग मनगटाकडे पाहिलं.

पट्टीची एक कड सुटत चाललीय.
आज औषधाच्या दुकानातून नवी आणली,
जुनीवरूनच चिकटवली, अक्षरं उघडी ठेवून,
आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली:
डबा तापतो. पडदा लांब ठेवणे.